चेसिसचा रिपीट ढिला झाला तेव्हा

इंदूरला देवास नाक्यावर आमचं गॅरेज आहे. जानेवारीत एका सकाळी सेंधव्याहून कापसाच्या गाठी घेऊन निघालेला ट्रक आला. ड्रायव्हर धुळ्याचा. म्हणाला, "दादा, भेरूघाट चढताना मागून कटकट वाजतं."

माल उतरवून गाडी खड्ड्यावर घेतली. मागच्या उजव्या कमानीच्या हँगरला, म्हणजे स्प्रिंगची कमान चेसिसला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला, सहा जोड. दोन रिपीटांच्या, म्हणजे ठोकून बसवलेल्या रिव्हेटांच्या, डोक्याखालून गंजाचा लाल ओघळ आलेला. ओघळ दिसला की आत पत्र्यावर पत्रा घासतोय हे समजायचं. मी एका बाजूला बोट टेकवलं आणि दुसरीकडून हातोडीनं हलकेच ठोकलं. घट्ट रिपीट गप्प बसतो, या दोघांनी बोटाला टिचकी मारली. शेजारच्या दोघांनीही. पाचवा ठीक होता. सहाव्या जागी तर पूर्वी कुणीतरी गॅसनं रिपीट जाळून साधा बोल्ट ठोकला होता. जिथं हँगर आणि चेसिस एकमेकांना भिडतात, नेमके तिथंच त्याचे आटे आलेले, आणि घासून सपाट झालेले. ते पाहून खरंच राग आला. या जोडावर टनांनी माल असतो, आणि पुढे बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

मालक फोनवर म्हणाले, "बोल्ट कसून टाका आणि संध्याकाळी गाडी सोडा." आमच्या मामांचं मत वेगळं. त्यांची उमेदीची वर्षं भट्टीवर गेली. "तापवून लाल केलेला रिपीट ठोकला की फुगून भोक भरतो, निवताना पत्रे आवळतो. त्याला आटेच नाहीत, ढिला कशानं होईल?" बरोबरच आहे त्यांचं. पण इथं चेसिसच्या आतून डोली, म्हणजे ठोकताना रिपीटाच्या डोक्याला टेकवायचा जड ठोकळा, धरायला जागा नव्हती, आणि भोकं अंड्यासारखी लांबट झाली होती. अशा भोकात हातानं ठोकलेला रिपीट पुरता भरेल याची मला खात्री नव्हती.

मी बोल्टच घेतले, पण मालकांच्या मनातले नव्हेत. सहाही जोड काढायचे ठरवले. रिपीटांची डोकी ग्राइंडरनं घासली, मधोमध ड्रिल केलं, पंचानं बाहेर काढले. गॅस लावलाच नाही. भेगा दाखवणारा रंग (डाय) मारून चीर शोधली, नव्हती. मग रीमरनं सगळी भोकं गोल करून १६ मिलिमीटरवर आणली आणि १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट निवडले. त्यांचा गुळगुळीत दांडा सांध्याच्या पार पलीकडे जाईल एवढा लांब, आटे फक्त नटाखाली. स्प्रिंग वायसर घातलं नाही. कडक वायसर, लॉक नट आणि टॉर्क पान्यावर (ठरवलेला जोर आला की कट्ट वाजणारा पाना) ३०० न्यूटन मीटरच्या आसपास. बोल्ट इतका ताणला गेला की पत्रे एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि भार त्या घर्षणावर जातो. पान्याचा अंदाज हातावर सोडून हे होत नाही.

दोन दिवस लागले. मालक चिडले, ड्रायव्हर गॅरेजमध्येच झोपला.

एक खेप करून गाडी परत बोलावली होती. मी पाना लावला. सहापैकी एकही नट न हलता पाना कट्ट वाजला. मामांनी वाकून दुसऱ्या बाजूला बोट टेकवलं आणि मला म्हणाले, "ठोक."