रिकाम्या डिकीतली टकटक

डिकीतून आवाज येतो अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळतं: गाडी जुनी झाली, चालायचंच. मला हे पटत नाही. जो माणूस रोज गाडी चालवतो त्याला तिचा आवाज पाठ असतो. नवा आवाज कुठून येतो हे सांगताना त्याची गल्लत होईल, पण आवाज आहे हे तो खरंच सांगत असतो. जागा शोधणं आमचं काम.

फोंड्यात माझं गॅरेज आहे. श्रावणाच्या तोंडावर एक पेटीवाले मास्तर आपली हॅचबॅक घेऊन आले. भजनाला साथ करणारे. वास्कोच्या दामोदर सप्ताहाला त्यांना जायचं होतं, त्याआधी गाडीचं काय ते बघा म्हणाले. दुसऱ्या एका गॅरेजने मागचे दोन्ही शॉकअप बदलून पैसे घेतले होते, आणि आवाज होता तिथेच होता. "मेस्त्री, अख्खा जन्म सुरांत गेला. हा आवाज काही केल्या डोक्यातून जात नाही," एवढंच बोलले.

मी विचारलं, कसा येतो? त्यांनी बॉनेटवर नखाने वाजवूनच दाखवला. जोडीने, टक-टक, टक-टक. हलका, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. मोठ्या खड्ड्यात नाही, बारीक खडबडीत रस्त्यावर. इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. शॉकअपचा बुश, म्हणजे टोकाचं रबर, गेला तर आवाज जड येतो, धप्प असा, आणि बहुधा चाक खड्ड्यात उतरलं की येतो. तेव्हा शॉकअपवरचा माझा संशय तिथेच फिटला.

डिकी पूर्ण रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पाना, त्रिकोण, सगळं खाली उतरवलं. स्टेपनीचा मधला बोल्ट पुष्कळदा अर्धाच आवळलेला असतो. पंक्चर काढणारा घाईत असतो आणि मग कोणी बघत नाही. इथे तो घट्ट होता. आमच्याकडच्या पावसात स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचून जॅकचं बूड गंजतं, तेही पाहिलं. कोरडं होतं. पार्सल ट्रे, म्हणजे डिकीवरची झाकणफळी, काढून बाजूला ठेवला, नंबर प्लेट हाताने दाबून पाहिली, गाडी वर घेऊन सायलेन्सरची हँगर रबरं हलवली. कुठे काही नाही.

मग डिकीचं दार. कागदाची पट्टी बिडिंगवर, म्हणजे दाराच्या चौकटीभोवतीच्या रबरावर, धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. चारी बाजूंनी ती सारखीच घट्ट यायला हवी. उजव्या कोपऱ्यात जरा सैल आली, म्हणून दार ज्यावर टेकतं तो तिथला रबरी गट्टू थोडा बाहेर फिरवला. लॉक जिच्यात अडकतं त्या कडीला कापडी टेपचा एक वेढा दिला. हा इलाज नव्हे, ही चाचणी: टेपने आवाज थांबला तर दोष कडीत, नाही तर पुढे शोधायचं.

गॅरेजमागे पेव्हर घातलेली गल्ली आहे. तिथे गाडी हळू चालवली की सगळी बॉडी सारखी थरथरते, दडलेला आवाज बाहेर येतो. मास्तर माझ्या शेजारी, गॅरेजातला पोरगा मागच्या सीटवर कान देऊन बसला. गल्ली संपली तरी आवाज नाही. दार सापडलं म्हणायचं? मी टेप काढली, गट्टू पुन्हा होता तसा केला आणि तीच फेरी मारली. तरी आवाज नाही! मास्तरांचा चेहरा पडला. "बघा, माणसं असली की येतच नाही. तिथेही असंच झालं होतं."

माणसं असली की येत नाही, हे वाक्य मी धरून ठेवलं. विचारलं, पेटी असताना येतो? त्यांनी आठवून सांगितलं, पेटी असली की नाही येत, एकटा बाजाराला गेलो की येतो. वजनाने गाडी दबत असेल, असं ते समजायचे. पटण्यासारखंच होतं. पण ताडून बघायला काय लागतं? पोराला खाली उतरवलं आणि पेटीएवढं वजन होईल असे भाग खोक्यात भरून, चिंध्या कोंबून डिकीत मधोमध ठेवले. गल्लीत शिरलो आणि टक-टक सुरू. म्हणजे वजनाचा संबंध नाही.

"मास्तर, पेटी डिकीत ठेवता कशी?"

"सीटच्या पाठीला टेकवून. हलू नये म्हणून मागून जाड चादर कोंबतो."

इथे गाठ सुटली. पेटी सीटच्या पाठीला डिकीकडून रेटत होती, मागे बसलेला माणूस तीच पाठ पुढून दाबत होता. पाठ कुठल्याही बाजूने दाबली गेली की आवाज बंद. शोधायला बसणारा प्रत्येक जण मागच्या सीटवर बसत होता आणि बसूनच आवाज थांबवत होता.

खात्रीसाठी दोन मोबाईल फडक्यात गुंडाळून डिकीत उजव्या-डाव्या कोपऱ्यात ठेवले, रेकॉर्डिंग चालू करून, आणि मागची सीट रिकामी ठेवून फेरी मारली. डाव्या मोबाईलमध्ये टकटक स्पष्ट होती, उजव्यात पुसट. डावीकडची पाठ खाली पाडली. ती उभी केली की तिचं लॉक बॉडीवरच्या लोखंडी कडीत अडकतं. त्या कडीवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं. ते तडकून निम्मं गळून गेलं होतं आणि उघडी पडलेली कडी घासून चकचकीत झाली होती. लॉकचा आकडा त्या फटीत पुढे-मागे आपटत होता, एकदा इकडे, एकदा तिकडे. मास्तरांच्या नखांनी वाजवलेली जोडी ती हीच. सीटच्या बिजागरीपासून डिकीपर्यंत सगळा पोकळ पत्रा, त्यामुळे पुढे बसलेल्याला आवाज डिकीतूनच आल्यासारखा वाटतो.

उरलेलं प्लॅस्टिक काढलं, कडीवर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी, चढवून गरम केली, कडीचे बोल्ट सैल करून ती लांबट भोकात किंचित मागे सरकवली आणि पुन्हा आवळली. इथे घाई करू नये. वेष्टण जाड झालं तर लॉक पूर्ण बसत नाही, आणि जोराचा ब्रेक लागला की डिकीतलं सामान पाठीसकट पुढे येतं. आत पेटी असते, मागे नातवंडं बसतात. म्हणून लॉकवरची लाल खूण आत गेली का ते बघितलं, पाठ दोन्ही हातांनी जोर लावून ओढली, मग पोरालाही ओढायला लावली.

शेवटची फेरी मास्तरांनी एकट्यांनी मारली, सीट मोकळी, डिकी मोकळी. परत आले ते काच खाली करून हसतच.

जुने शॉकअप त्यांनी टाकले नव्हते, दुसऱ्या दिवशी पिशवीतून घेऊन आले. तेल गळल्याचा डाग नाही. दांडा दाबला की सारख्या जोराने वर येत होता, बुशही शाबूत. दोन्ही चांगले होते. मी ते पुसून, कागदात गुंडाळून परत दिले आणि जपून ठेवा म्हटलं. लागलेच तर पुढे याच गाडीला बसतील.