शाळेच्या पटांगणात झाड लावण्याआधी जमीन फोडा

शाळेच्या पटांगणातलं रोप वाळलं की 'पाणी कमी पडलं' म्हणून सगळे मोकळे होतात. खरा दोष बऱ्याचदा जमिनीत असतो. पोरांच्या पायांनी वर्षानुवर्षं तुडवलेली माती इतकी घट्ट होते की पहार मारली तर टणकन उसळते. तिच्यात हवेला जागाच उरत नाही, आणि हवा नाही तिथे मुळं शिरत नाहीत.

म्हणून आधी जमीन तपासा. 1 फूट खोल खड्डा खणून काठोकाठ पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि आत पट्टी उभी धरून मोजा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर जागा उत्तम. अर्ध्या इंचाहूनही कमी उतरलं तर तिथला खड्डा म्हणजे पाण्याचं टाकं. त्यात मुळं कुजणार. आसपासची माती खोलवर फोडून घ्या, नाहीतर जागा बदला.

खड्डा रुंद हवा, खोल नको: मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, खोली गोळ्याएवढीच. गोळ्याखाली भुसभुशीत माती आणि खत भरलं की ते पुढे खचतं, रोप खाली बसतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. खोड पसरट होऊन मुळांना मिळतं तो भाग जमिनीवर दिसलाच पाहिजे.

पिशवी फाडल्यावर गोळा हातात फिरवून बघा. तळाशी दोरीच्या वेटोळ्यासारखी मुळं दिसली तर धारदार सुरीने चार बाजूंनी उभ्या चिरा द्या. तशीच लावली तर झाड वरून झकास वाढतं, पण तीच मुळं जाड होऊन काही वर्षांनी बुंध्याला फास लावतात. पाच मिनिटांचं काम, पण घाईत हेच राहून जातं.

दुपारनंतरची सावली हवी तर झाडं खेळाच्या जागेच्या पश्चिमेला लावा. भिंतीपासून 15-20 फूट दूर, विजेच्या तारांखाली नकोच. कण्हेर कितीही फुलो, ती विषारी आहे. लहान मुलांच्या शाळेत तिला जागा नाही.

रोज तांब्याभर पाणी घातलं तर वरची दोन बोटं माती भिजते आणि मुळंही वरच राहतात. त्यापेक्षा कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा 20-30 लिटर पाणी सावकाश मुरू द्या. आळ्यात 3 इंच पालापाचोळा पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब. पहिली दोन-तीन वर्षं मोठ्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हे लावण्याआधीच नावानिशी ठरवा. आधाराची काठी वर्षभरात काढून टाका, बांधलेली सुतळी खोडात रुतते.

आळ्याभोवती चार-पाच फुटांवर आडवे ओंडके ठेवले की मुलं त्यांवर बसतात आणि मुळांवरची माती तुडवली जात नाही. चढायच्या ओंडक्यांची साल सोलून घ्या, पावसात ती निसरडी होते. उभे ओंडके एक तृतीयांश जमिनीत पुरा, उंची 2 फुटांच्या आत ठेवा आणि खाली लाकडाच्या चिपांचा 1 फूट जाड थर घाला. हा थर महिन्या-दोन महिन्यांत दबतो, आणि उडी मारायच्या जागी तर सगळ्यात आधी. पट्टी खुपसून मोजत राहा, कमी भरला की भर टाका. ओंडका दरवर्षी जमिनीलगत खिळ्याने टोचून बघा. खिळा सहज आत गेला तर ओंडका कुजलाय, तो त्याच दिवशी काढा.