मांडवा ते कोर्लई : परदेशी विद्यार्थ्यांना घेऊन लेखनाची वाट

सर्जनशील लेखन शिकणारे परदेशी विद्यार्थी अलिबागच्या बाजूला न्यायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासभर लागतो, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर, आणि त्या बसचे पैसे बोटीच्या तिकिटातच येतात. भर पावसाळ्यात या बोटी बंद असतात. गट दहा-बारा जणांच्या वर नको. त्याहून मोठा घोळका गावात शिरला की लोक बोलायचे थांबतात, आणि आम्ही तर ऐकायलाच जातो.

मी शिकवते तो विषय अल्पसंख्याकांचं साहित्य. वर्गात त्याची सुरुवात पुस्तकांच्या यादीने होते. या किनाऱ्यावर ती यादी पुरत नाही, कारण एकाच वाटेवर दोन अगदी वेगळे समाज भेटतात. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू. ते धर्माने वेगळे, पण त्यांनी लिहिलं ते मराठीत. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांनी घरची वेगळी भाषा जपली, पण ती कागदावर फारशी उतरलीच नाही. दोघांना एकाच पद्धतीने वाचायला गेलं की एकावर तरी अन्याय होतो.

पहिला मुक्काम नवगाव. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना इथे पुरलं, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. समुद्राजवळ जुनी दफनभूमी आहे, स्मारकस्तंभ आहे. इथे मी मुलांना कल्पना करू देत नाही. वीस मिनिटं, हाताने, दीडशे शब्द, विशेषण एकही नाही. दगडावर काय कोरलंय, कोणत्या लिपीत, कुठे झिजलंय, एवढंच लिहायचं. जवळजवळ सगळ्यांचा पहिला मसुदा थेट वादळात उडी घेतो, कारण जहाज फुटणं लिहायला सोपं वाटतं. मग त्यांना आडनावं सांगायची: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर. एका आडनावावरून नकाशात गाव शोधायचं आणि तिथे तेलाचा घाणा चालवणारं, शनिवारी मात्र तो बंद ठेवणारं घर लिहायचं. शनिवार पाळल्यामुळेच त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा बंद असलेल्या दिवसाचं लिखाण वादळापेक्षा कायम सरस उतरतं.

संध्याकाळी अलिबागला वाचन. 1874 साली पुण्यात छापलेल्या हागादाच्या पानांच्या प्रती मी सोबत ठेवते. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री घरात वाचायचं हे पुस्तक. हिब्रू मजकुराला मराठी भाषांतराची जोड, आणि चित्रात लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताहेत. याच समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहम, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनाच्या साच्यात बसवल्या. संमिश्र संस्कृती वगैरे शब्द विद्यार्थी इथे पटकन वापरतात. मी ते खोडते. पूर्वरंगानंतर आख्यान कसं लागतं, गोष्ट थांबवून पद कुठे येतं, हे बघितलं तर रचना शिकता येते. गौरवाने काहीच हाती लागत नाही.

रेवदंडा अलिबागहून सतरा किलोमीटर. तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघायचं तर देखरेख करणाऱ्यांना आधी कळवावं, आणि शनिवारी जाऊच नये. डोकं झाकायला रुमाल सोबत हवा. तिथे फार वेळ घालवत नाही, कारण उन्हं चढायच्या आत पूल ओलांडून कोर्लई गाठायची असते. मुरूडकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडते.

कोर्लईचा डोंगरी किल्ला पोर्तुगीजांनी 1594 मध्ये घेतला आणि 1740 च्या सुमारास तो मराठ्यांकडे गेला. सत्ता गेली, पण पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली ख्रिस्ती वस्तीत आजही बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला नो लिंग म्हणतात. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. ज्यांच्या भाषेत क्रियापद मध्येच येतं, त्यांना मी स्वतःच्या भाषेतली दहा वाक्यं क्रियापद शेवटाला नेऊन लिहायला लावते. पाचव्या-सहाव्या वाक्याला त्यांना उमगतं की ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबवून ठेवायची सोय या मांडणीतच आहे.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फोन आधी काढला जातो, परवानगी नंतर मागितली जाते. तेव्हा पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण नाही, हा नियम निघण्याआधीच सांगावा. रविवारी सकाळी मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना असते, तेव्हा चर्चच्या दारात कुणाला प्रश्न विचारत उभं राहू नये. मासळी सुकत घालणाऱ्या बाईला कामात अडवू नये. शेजारी बसावं, ती बोलली तर ऐकावं. शब्द टिपायचे ते सांगणाऱ्याला वाचता येईल अशा लिपीत, म्हणजे देवनागरीत, कारण इथल्या मुलांची शाळा मराठी. आणि ‘मरणारी भाषा’ हे शीर्षक कुणीही द्यायचं नाही. ज्या घरात त्या भाषेत आज पोराला जेवायला बोलावलं, त्या घराबद्दल असं लिहिणं मला सहनच होत नाही.

गावातल्या माणसाच्या तोंडी ‘मी’ घालून लिहायलाही मी मनाई करते, निदान पहिल्या दोन मसुद्यांत. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांच्यामध्ये जे कळलं नाही, तिथे कोरी ओळ सोडायची. तिसरा मसुदा मराठीत उतरवून घ्यावा लागतो. भाषांतराला लिखाणापेक्षा दुप्पट वेळ लागतो, म्हणून शेवटचे दोन दिवस फक्त त्यासाठी राखावेत. मग ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्याच ओटीवर ते मोठ्याने वाचायचं. कुणी म्हणालं की हे काढा, तर कारण न विचारता काढायचं. उरेल तेवढंच छापायला द्यायचं आणि पहिल्या प्रती त्या घरांत पोचवायच्या.