सुरकुतलेले पान नेहमीच पाणी मागत नाही

घरातल्या कुंडीतले सक्युलंट, म्हणजे जाड, रसदार पानांत पाणी साठवणारे झाड, मलूल दिसू लागले, की बहुतेकांना पहिल्यांदा पाणीच आठवते, आणि माझ्या मते बहुतेक झाडे हातची जातात ती नेमकी तेव्हाच. तहानलेल्या झाडाची पाने सुरकुततात हे खरे. पण मुळे कुजलेल्या झाडाचीही पाने तशीच सुरकुततात, कारण माती ओली असूनही पाणी ओढून घ्यायला मुळेच उरलेली नसतात. अशा वेळी घातलेले पाणी झाडापर्यंत पोहोचत नाही, उरल्यासुरल्या मुळांची हवा मात्र तोडते.

म्हणून आधी माती पाहावी. एक कोरडी लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढावी. ती कोरडी निघाली, तर तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत भरपूर पाणी द्यावे. काही दिवसांत पाने पुन्हा टणक होतात. काडी ओलसर निघाली आणि खालची पाने पिवळट, पारदर्शक होऊन हात लागताच गळत असली, तर झाड कुंडीबाहेर काढण्याला पर्याय नाही. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि घट्ट असते. कुजलेले मूळ चिमटीत धरून हलकेच ओढले, की त्याची साल निसटून बोटांवर येते आणि आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा उरतो. अशी मुळे स्वच्छ कात्रीने छाटावीत. कूज खोडात चढली असेल, तर आतला काप स्वच्छ, एकाही तपकिरी ठिपक्याशिवाय दिसेपर्यंत वर वर कापत जावे. कापलेला शेंडा काही दिवस सावलीत ठेवून जखम पुरती सुकू द्यावी आणि मगच तो मातीच्या कोरड्या मिश्रणात लावावा. या कोरड्या दिवसांत जीव कासावीस होतो, पण जाड पानांत साठवलेले पाणी झाडाला तेवढे दिवस सहज पुरते.

मिश्रणात निदान निम्मा भाग जाड वाळू, पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) किंवा बारीक खडीचा असावा. तळाशी खड्यांचा थर घालण्याची पद्धत सर्रास दिसते. मी ती सोडून द्यावी असे सांगेन, कारण बारीक मातीतले पाणी माती पुरती भिजल्याशिवाय खड्यांत उतरत नाही आणि ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो.

उजेडाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. ही झाडे आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडते. त्यात खोलीतला उजेड अपुरा असला, की कुंडी आठवडेच्या आठवडे ओली राहते. पानांमधले अंतर वाढून खोड लांबट होऊ लागले, तर उजेड कमी पडतो आहे हे निश्चित समजावे. लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही, नवी वाढ तेवढी सुधारते. सक्युलंटच्या प्रकारांपैकी हॉवर्थिया कमी उजेडात तग धरते, एकेव्हेरियाला मात्र खिडकीच्या अगदी जवळची जागा हवी. तिथे हलवायचे तेही हळूहळू, कारण एकाएकी कडक ऊन लागले तर पानांवर पडणारे भाजल्याचे डाग कायमचे राहतात.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण असतो; स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो टिपून घ्यावा. खत मात्र नवी मुळे धरून शेंड्यावर नवे पान येईपर्यंत अजिबात देऊ नये.