माठाचे झाकण

मार्चमधल्या एका दुपारी, स्टाफरूमचा पंखा डोक्यावर कुरकुरत असताना, मी विद्यार्थ्यांचे अभिप्राय-अर्ज निकषांप्रमाणे फाईलला लावत बसलो होतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची समिती येणार असली की हे काम कोणाला तरी करावेच लागते आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयकपद यंदा माझ्या गळ्यात पडले आहे. जवळजवळ सर्वांनी ‘उत्तम’वर खूण केली होती, एका अर्जावर मात्र पिण्याच्या पाण्यापुढे निळ्या शाईत लिहिले होते, ‘माठाला झाकण नाही.’ तो अर्ज मी बाजूला काढला.

बाजूला काढण्याची ही रीत मला जुनी ओळखीची आहे. परभणीकडच्या आमच्या शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी वर्ग शेणाने सारवले जात, तक्ते टांगले जात आणि गुरुजी मला जवळ बोलावून सांगत, “उद्या तू रानात जा. ज्वारी हुरड्यात आलीय, पाखरं राख.” तेराच्या पाढ्यात मी हमखास अडखळत असे. दुसऱ्या दिवशी मी मचाणावर गोफण फिरवी आणि तिकडे शाळेला चांगला शेरा मिळे. मला त्याचे वाईट वाटत नसे, कारण हुरडा पोटभर मिळे आणि साहेबांसाठी आणलेल्या पेढ्यांतला एक गुरुजी माझ्यासाठी न विसरता राखून ठेवत. तेरा साती मी आजही बेरजेनेच काढतो.

1950 साली जपानमधील कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणाऱ्या डेमिंग यांच्या 14 मुद्द्यांपैकी तिसरा असा आहे की, तपासणीवर विसंबू नका, गुणवत्ता मुळातच घाला. आठवा मुद्दा म्हणतो, भीती घालवा. योजा, करा, तपासा, सुधारा हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे चक्र आमच्या फाईलच्या पहिल्याच पानावर रंगीत छापलेले आहे, पण ते तिसऱ्या शब्दापाशी रुतते, कारण तारीख फक्त त्यालाच असते. शिवाय कारखान्यात बाजूला काढलेला सदोष तुकडा पुन्हा भट्टीत तरी जातो. मी रानात गेलो होतो.

चार वाजता शिपाईमामांना झाकण आणायला पाठवले. परत आल्यावर त्यांनी विचारले, “सर, ही पावती कोणत्या निकषात लावू?”

“चौथ्या. पायाभूत सुविधा.”

पावती लागली. अर्ज अजून माझ्या खणात आहे.