मॅडनमधला सौदा
मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधी फ्रँचायझी, म्हंजे आपुनच टीम चालवाची, असं खेळताना मॅचपेक्षा मले खेळाडूच्या सौद्यातच जास्त मजा येते बाप्पा! बैलबाजारात दात पाहून भाव ठरते तसं इथं वय पाहाचं, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा खेळाडू) तिशीकडं सरकला का रेटिंग घसरतेच, म्हणून भाव हाय तवरच विकाचा आन बदल्यात फर्स्ट राउंडचा पिक, म्हंजे नवे खेळाडू निवडाच्या पहिल्या फेरीतला नंबर, मागाचा. पण पिक कोणाचा हे पाह्यजा, ३२ टीममधी जे सगळ्यात जास्त हारते तिचाच नंबर पहिला, सुपर बोल (फायनल) जिंकणारी राउंडच्या शेवटी. खऱ्या खेळातबी १९८९ मधी डॅलस काउबॉइज टीमनं हर्शेल वॉकर हा रनिंग बॅक मिनेसोटाच्या टीमले देऊन असेच पिकच पिक उचलले आन पुढं टीम उभी केली. माहा दोस्त मात्र सातव्या, म्हंजे शेवटच्या राउंडचे पिक देऊन क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मेन खेळाडू) मागते, कॉम्प्युटर नाही म्हणते, मंग हा लाइट जाईपर्यंत शिव्या देत बसते.