तुम्ही विचारलेत म्हणून: पहिली दोन प्रॅक्टिकल लॉगिनमध्येच का जातात?

दर वर्षी प्रवेश आटोपले की हा प्रश्न मला विचारला जातो. विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात आणि अलीकडे शेजारच्या लॅबमधले सहकारीही विचारू लागले आहेत. प्रोग्रामिंग शिकायला आलेल्या मुलांना मी पहिल्या दोन प्रॅक्टिकलमध्ये एकही प्रोग्राम लिहू देत नाही. पासवर्ड, फोल्डर, फाइलचे नाव आणि ती फाइल नेमकी कुठे ठेवली गेली, एवढेच करून घेते. आजवर "पाया पक्का हवा" असे सांगून मी वेळ मारून नेली. ते उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही.

वरवरची कारणे तुम्हालाही पटतील. लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड बदलताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेही नाहीत, आणि जिंतूरहून किंवा भोकरहून आलेल्या मुलीला वाटते की कीबोर्डच बिघडला. ज्याने तालुक्याच्या कॉलेजात टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर हात बसवला आहे, त्याला इथे त्यातली सवयीची 'कोनिओ.एच' ही फाइल सापडत नाही आणि आपण तीन वर्षे शिकलो ते वाया गेले, असे तो धरून चालतो. फोनवर वाढलेल्या मुलांना फाइल 'डाउनलोड'मध्ये असते, याहून अधिक पत्ता ठाऊक नसतो.

खरे कारण 2009 सालचे आहे. परभणी जिल्ह्यातल्या गावातून बी.एस्सी. करून मी एमसीएला आले होते आणि ती माझी पहिल्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. स्लिपवर सोपा प्रश्न आला: दिलेली संख्या मूळ आहे की नाही ते ठरवा. सत्रभर मी 'डॉट-स्लॅश-ए.आउट' (म्हणजे 'याच फोल्डरमधला ए.आउट हा प्रोग्राम चालव') असे, कुणीतरी सांगितले म्हणून, अर्थ न विचारता टाइप करत आले होते. त्या दिवशी मात्र आपल्यालाही थोडे कळते, हे दाखवण्याची हौस आली. मी प्रोग्रामला 'टेस्ट' असे नाव दिले, तो एकही चूक न निघता कंपाइल झाला, म्हणजे चालवण्याजोगा तयार झाला, आणि 'एलएस' किंवा 'जीसीसी' या कमांड नुसत्या नावाने चालतात तर माझा प्रोग्रामही चालेल, अशा समजुतीने मी फक्त 'टेस्ट' टाइप करून एंटर दाबले. काहीच आले नाही. चूक नाही, उत्तर नाही. प्रॉम्प्ट जसाच्या तसा परत आला.

आधीच कमांड नसलेले दुसरे कोणतेही नाव दिले असते तर 'कमांड सापडली नाही' असा संदेश आला असता आणि मला डॉट-स्लॅश आठवले असते. पण 'टेस्ट' ही शेलची, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, स्वतःची कमांड आहे. ती दिलेली अट तपासते आणि पडद्यावर अक्षरही न छापता निकाल एका अंकात मागे ठेवते. खरे असेल तर 0, खोटे असेल तर 1. मी अट दिलीच नव्हती, त्यामुळे ती दर वेळी मुकाट्याने 1 ठेवून परतत होती, आणि इकडे मी माझ्या निर्दोष प्रोग्राममध्ये चूक शोधत होते. लूप बदलला. पहिल्याच ओळीत 'नमस्कार' छापायला लावले, तेही उमटेना. शेवटी सगळा प्रोग्राम पुसून नव्याने लिहिला. बाहेरून आलेले परीक्षक मागे येऊन उभे राहिले तेव्हा माझ्या तोंडून गावचेच शब्द निघाले, "सर, काहीच येईना गेलंय." त्यांनी पडद्याकडे पाहिले, उत्तरपत्रिकेवर 'आउटपुट नाही' असे लिहिले आणि ते पुढच्या मशीनकडे वळले. मी जेमतेम उत्तीर्ण झाले. महिनाभराने वरच्या वर्गातल्या एका मुलाने एखादे नाव नेमके कशाचे आहे ते सांगणारी 'टाइप' ही कमांड 'टाइप टेस्ट' अशी देऊन माझा घोटाळा एका ओळीत दाखवला, तेव्हा मला हसू आले नाही.

परीक्षकांना मी दोष देत नाही, असे मी नेहमी म्हणते. खरे सांगायचे तर बरीच वर्षे दिला. आणि मला हे कुणी सांगितलेच नव्हते, हे माझे आवडते गाऱ्हाणे होते. मागच्या दिवाळीत माळा आवरताना माझे जुने जर्नल सापडले. पहिल्याच प्रॅक्टिकलच्या पानावर माझ्याच अक्षरात, खाली रेघ ओढून लिहिले आहे: डॉट-स्लॅश विसरू नये. म्हणजे सांगितले होते, मी लिहूनही घेतले होते, फक्त ते का हे मला कळले नव्हते आणि विचारायची लाज वाटली होती. त्या मुलीला आज मी दोन काय, चार प्रॅक्टिकल दिली असती तरी तिने मान डोलावून सगळे उतरवून घेतले असते, अशी शंका मला येते.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "मॅडम, आम्ही प्रोग्रामिंग शिकायला आलाव, फोल्डर लावायला नाही." मी तिला गप्प केले. नंतर वाटले, आपण हिला शिकवतो आहोत की स्वतःची परीक्षा पुन्हा देतो आहोत? याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते, आजही नाही. येत्या सत्रात दोनऐवजी एकच प्रॅक्टिकल यात घालवीन, असे मी विभागात कबूल केले आहे. त्या एकात मात्र प्रत्येकाने आपल्या प्रोग्रामला 'टेस्ट' हे नाव द्यायचे आहे.